पाचव्या प्रश्नाची जागा

नारायण पेठ, पुणे ३०
७ जानेवारी २०२५

व्यवस्थापक,
कायरोप्रॅक्टिक उपचार केंद्र, कर्वेनगर
यांस,

स. न. वि. वि.

मी आपल्या केंद्रात गेल्या शनिवारी, ४ तारखेस, प्रथम आलो. वय एकाहत्तर, निवृत्त भूमिती शिक्षक. तक्रार कमरेची आणि डाव्या पायाची. मला ऐकू कमी येते. यंत्र लावले तर फक्त पंखा ऐकू येतो, म्हणून मी फोन करीत नाही. माझ्या नावावरचा फोन माझी पत्नी सुहासिनी वापरते आणि तिला माझ्या कमरेविषयी नवीन काही ऐकण्याची इच्छा उरलेली नाही. सबब हे पत्र.

आपल्याकडून व्यायामाचा जो छापील कागद मिळाला, त्यात म्हटले आहे, 'पाय सरळ ठेवून वर उचला.' किती अंश? छापलेले नाही. चौतीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की कोन लिहिताना माप लिहिले नाही तर ती नुसती दोन रेघांची ओळख होते. पुढे म्हटले आहे, 'वेदना झाल्यास थांबावे.' वेदना होतात म्हणूनच मी आपल्याकडे आलो. ही सूचना पाळली तर सुरुवातच करता येणार नाही. चित्रातला माणूस उताणा आहे की पालथा, यावर आमच्या घरात दोन मते आहेत.

आणखी एक. डॉक्टरांनी मला तपासण्यापूर्वी छापील अर्जावरून नैसर्गिक विधींविषयी जे प्रश्न विचारले, ते मला ऐकू यावेत अशा बेताने विचारले. आपल्या तीन खाटांमध्ये पडद्यांखेरीज काही नाही. मी सर्व प्रश्नांना 'नाही' म्हटले आणि ते खरेही होते. परंतु बाहेर पडताना पलीकडच्या खाटेवरील एका बाईंनी मला इसबगोल घेण्याचा सल्ला दिला. तो चिठ्ठीवर लिहून दिला, म्हणून कळला.

कृपया अंश कळवावेत.

आपला,
गोपाळकृष्ण खांबेटे


किरकटवाडी, ता. हवेली
१० जानेवारी २०२५

आदरणीय खांबेटे सर,

सादर नमस्कार.

तुमचं पत्र दोन दिवस स्वागतकक्षातच होतं, कारण टपालाने आलेल्या तक्रारीचं काय करायचं ते कुणाला माहीत नव्हतं. शेवटी श्रीनिवास डॉक्टर म्हणाले, "तुझं अक्षर बरंय, तूच लिही." मी अपेक्षा करंजावणे. शनिवारी तुम्हाला तो कागद दिला ती चष्म्याची, निळ्या कोटातली मुलगी मीच. माझी फिजिओथेरपीची पदवी झाली आहे आणि दीड वर्षापासून मी डॉक्टरांच्या हाताखाली काम करते.

आता उत्तरं. पाय तीस अंशांपासून सुरू करा. ज्या कोनाला मांडीपासून पोटरीपर्यंत वीज गेल्यासारखी कळ जाते, त्याच्या पाच अंश अलीकडे थांबा. नुसती ओढ बसली तर थांबायचं नाही, कळ आली तर थांबायचं. कागदावर दोन्हींना 'वेदना' म्हटलं आहे, ते चूक आहे. मी डॉक्टरांना सांगितलं. चित्रातला माणूस उताणा आहे. पत्र पाकिटात घालण्याआधी मी हे सगळं पुस्तकात पुन्हा पाहिलं आहे.

शनिवारी तुम्ही हातानेच खूण करून विचारलं होतं, की शेजारच्या माणसाची पाठ डॉक्टरांनी 'कट्' वाजवली, मग तुमची का नाही? तुमच्या एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी बरीच मागे आलेली दिसते. तिथूनच पायाच्या नसा खाली उतरतात. म्हणून डॉक्टरांनी तुमच्या फाइलवर लाल शाईने 'झटका नको' असं लिहिलं आहे. तुम्हाला फक्त हलका ताण, शेक आणि व्यायाम.

तुम्ही असंही विचारलंत की माझ्या अंगठ्याला नेमकी जागा कशी सापडली. ते मी कॉलेजात शिकले नाही. माझी आत्या सोजरबाई पाठी, मान, खांदे बसवते. खडकवासल्यापासून धायरीपर्यंतची माणसं दर रविवारी आमच्या पडवीत बसलेली असतात. आठव्या वर्षापासून मी तिच्याजवळ तेलाची वाटी धरून बसायचे. तिच्याकडे दुखणं सांगायची पद्धत नाही. कुणी सांगायला लागलं तर ती म्हणते, "गप बस. तुझं त्वांड खोटं बोलंल, पाठ न्हाय बोलायची." मग अंगठा फिरवत फिरवत जिथे थांबते, तिथे माणूस ओरडतो. मी तिची ही पद्धत तुम्हाला गंमत म्हणून सांगितली. ती तुमच्यासाठी नाही.

आपली नम्र,
अपेक्षा


नारायण पेठ
१६ जानेवारी २०२५

चि. अपेक्षा,

आशीर्वाद.

पत्र पोचले. केंद्रातून पत्राला उत्तर येईल ही अपेक्षा मी केली नव्हती, ती तुम्ही पुरी केलीत. अक्षर खरोखर बरे आहे.

मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी मोठा कोनमापक केला व पलंगाच्या कडेला ठोकला. सुहासिनी म्हणाली, "चार महिने झाले, देवघरातला खिळा ठोका म्हणतेय, तेव्हा कंबर दुखते." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. डाव्या पायाची रोज सकाळची मोजमापे अशी. ११ तारखेस बत्तीस अंश, १२ तारखेस पस्तीस. इथवर आनंद होता. १३ तारखेस तीस, १४ तारखेस अठ्ठावीस, काल पंचवीस. हा उतरता क्रम का सुरू झाला ते मला समजत नाही. व्यायाम मी एकही दिवस चुकवलेला नाही.

बाकी विशेष नाही. संक्रांतीच्या व्याख्यानाला गेलो नाही, सलग दोन तास बसवत नाही. संध्याकाळचा चहाही सोडला. वयोमानाने काही गोष्टी कमी कराव्यात हे बरे.

तुमच्या आत्याबाईंविषयी वाचून मौज वाटली. ज्या उपचारात मला ऐकावे लागत नाही आणि बोलावे लागत नाही, तो माझ्यासाठीच निघाला असावा. शनिवारी डॉक्टर परगावी आहेत असे तुमच्या स्वागतकक्षातील मुलीने सुहासिनीला सांगितले. तुम्ही असाल. डॉक्टरांची लाल शाई मी मानतो, परंतु लाल शाई मीही आयुष्यभर वापरली आणि तिच्यात चुका होतात हे मला माहीत आहे. रात्री कूस बदलताना मी उशी दातात धरतो. एवढेच लिहितो, अधिक लिहिणे बरे दिसत नाही.

शुभेच्छुक,
गो. खांबेटे


नारायण पेठ
२० जानेवारी २०२५

चि. अपेक्षा,

आज सकाळी कोन चौसष्ट अंश! पुठ्ठ्यावर मी साठपर्यंतच खुणा केल्या होत्या, वर वाढवाव्या लागल्या.

शनिवारी पडद्याआड तुम्ही जे केलेत, त्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. कानाने नव्हे, हाडाने. रिक्षातून घरी येताना मी खड्ड्यांना एकदाही नावे ठेवली नाहीत, त्यामुळे सुहासिनी घाबरली. काल ओंकारेश्वरापर्यंत चालत गेलो व चालत आलो. पाय जरा जड वाटले, दोन्ही. सवय सुटली आहे.

कळ अशी कोठेच नाही. पायात नाही, कमरेत नाही. बसायच्या जागी तर काहीच नाही. इतके नाही की काल मी अर्धा तास स्वतःच्या चष्म्यावर बसून चष्मा शोधत होतो. सुहासिनीने उठवले तेव्हा सापडला. काडी मोडली. चार महिन्यांच्या ठणक्यानंतर हे काहीच नसणे किती सुखाचे आहे, ते तुम्हाला या वयात कळायचे नाही.

जाताना तुम्ही ओठांवर बोट ठेवलेत, ते मला समजले. डॉक्टरांना मी काही बोलणार नाही. आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा.

शुभेच्छुक,
गो. खांबेटे


(वहीचे फाडलेले पान. प्रश्न शाईने, मोठ्या अक्षरांत. उत्तरे पेन्सिलीने, दुसऱ्या हाताची.)

२२ जानेवारी, दुपारी सव्वा वाजता

सर, तुमचं पत्र आत्ता केंद्रात मिळालं, तशीच घरी आले. मी तुमच्या समोर उभी आहे, पण हे ओरडून विचारता येत नाही म्हणून लिहिते आहे. काहीच दुखत नाही हे चांगलं लक्षण नाही. कृपा करून खरं लिहा.

१. बसायच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला हात लावलेला कळतो का?
नाही.

२. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो का? थेंब थेंब होते का?
हो.

३. शेवटची कधी झाली?
काल संध्याकाळी. थोडी.

४. उजव्या पायातही काही वाटतं का?
जड.

५. हे कधीपासून?


काकूंना एमआरआयची फाइल घ्यायला सांगा. रिक्षा खाली थांबवली आहे. चहापाणी काही नको, लगेच निघायचं.


नारायण पेठ
२९ जानेवारी २०२५

अपेक्षा यांस,

मी सुहासिनी खांबेटे. हे अजून रुग्णालयात आहेत आणि त्यांना झोपून लिहिता येत नाही, म्हणून मी लिहितेय. त्यांनी सांगितलेलं नाही, माझं मी लिहितेय.

तुम्ही गेल्यावर त्याच रात्री ऑपरेशन झालं. गादीचा मोठा तुकडा नसांच्या जुडग्यावर जाऊन बसला होता, तो काढला. सर्जन म्हणाले, वेळेत आणलंत, आणखी एक दिवस गेला असता तर लघवीची नळी कायमची राहिली असती. नळी अजून आहे. काढून बघणार आहेत. डावं पाऊल उचलत नाही. पुढचं सहा महिन्यांनी सांगता येईल म्हणतात.

सर्जननी विचारलं की मधे कुणी पाठीला झटका दिला होता का. यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग 'हो' अशी मान हलवली. कधीपासून त्रास आहे असं कागदावर लिहून विचारलं, तर यांनी लिहिलं, 'दोन दिवस.' म्हणजे तुमच्या शनिवारनंतरच झालं ना? आमोद, आमचा मुलगा, बाणेरहून रोज येतो. तो तुमच्या केंद्राविरुद्ध तक्रार करणार आहे. मी त्याला थांबवलेलं नाही.

तुम्ही धावत आलात, रिक्षा आणलीत, जिन्यावरून यांना जवळजवळ उचलून उतरवलंत, हे मी पाहिलंय. आणि हे तुम्हीच केलंत, हेही आता मला माहीत आहे. एकाच मुलीबद्दल दोन्ही खरं असल्यामुळे तुमच्याशी कसं वागावं ते मला ठरवता येत नाही. ठरेपर्यंत आपण येऊ नये.

सुहासिनी खांबेटे


किरकटवाडी
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

सादर नमस्कार. काकूंचं पत्र मिळालं. त्यांनी येऊ नये म्हटलं आहे, लिहू नये म्हटलेलं नाही, म्हणून लिहिते. त्यांनी हे आधी वाचलं तरी चालेल.

शनिवारी, १८ तारखेला, काय झालं ते मी तुम्हाला सांगणं लागते. तुम्ही पालथे होतात आणि तुम्हाला काही दिसलं नाही.

फाइल माझ्यासमोर उघडी होती. लाल शाई मी वाचली होती. तुमच्या पत्रातलं उशीचं वाक्यही मी वाचलं होतं. तुमचा कोन पस्तीसवरून पंचविसावर का आला, हे मला त्या दिवशी विचारायचं होतं. तसा प्रश्न लिहिलेला कागदही मी खिशात घेऊन आले होते. मग तुम्ही पालथे झालात, मी अंगठा फिरवला आणि तो थांबला. आत्याचा थांबतो तसाच थांबला. त्यानंतर विचारायची गरज आहे असं मला वाटलं नाही. पहिल्या दिवशीच्या छापील अर्जावर तुमचे सगळे 'नाही' होते, तेच मी धरून चालले. पडद्यापलीकडे दोन बायका होत्या. तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, 'सर, लघवीला होते का?' हे मला विचारवलं नसतं, आणि तुम्हाला उत्तर देववलं नसतं. पण हे कारण मी नंतर शोधलं आहे. त्या क्षणी कारण एवढंच होतं की मला ते येत होतं.

आवाज आला तेव्हा मला आनंद झाला. तुमच्या चेहऱ्यावरून दुखणं उतरलेलं मी पाहिलं. मग लाल शाई आठवली आणि मी ओठांवर बोट ठेवलं. त्यात तुम्हाला ओढायला नको होतं.

हे सगळं मी श्रीनिवास डॉक्टरांना लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "तक्रारीत फक्त झटका आहे. लाल शाई वाचून दिलास, हे तू लिहिलं नसतंस तर मला कळलंही नसतं." मग म्हणाले, "तक्रारीचा निकाल लागेपर्यंत येऊ नकोस. आणि कुणाच्याही पाठीला हात लावू नकोस. घरीसुद्धा." ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी सर्जनांना भेटून विचारलं, की माझ्या झटक्यामुळे तुकडा निसटला का. ते म्हणाले, "एवढी मागे आलेली गादी शिंकेनेही निसटते. झटक्यानेही निसटते. कशाने निसटली ते तिच्यावर लिहिलेलं नसतं."

पावलाचा व्यायाम चुकवू नका. अंश मोजा.

अपेक्षा


किरकटवाडी
१० मार्च २०२५

आदरणीय सर,

सादर नमस्कार. उत्तर आलं नाही, त्याची तक्रार नाही. तुम्ही घरी आलात आणि नळी निघाली, हे केंद्रातल्या मुलीकडून कळलं.

सोबत वहीचं ते पान पाठवते आहे. रुग्णालयात सर्जननी वाचून परत दिलं, तेव्हा घाईत माझ्या पिशवीत गेलं. ते तुमचं आहे. मी त्याची प्रत किंवा फोटो काढलेला नाही, आणि ते कुणाला दाखवलेलं नाही.

त्यावर चार प्रश्नांना उत्तरं आहेत. पाचव्याला नाही. मला आधी वाटलं, घाई होती म्हणून राहिलं. पण तुम्ही पेन्सिल त्या जागेवर टेकवली होती. ठिपका आहे.

परवा मी तुमची पत्रं पुन्हा वाचली. १६ जानेवारीचं पत्र मला पाठ आहे असं मी समजत होते. त्यात तुम्ही लिहिलं आहे की संध्याकाळचा चहा सोडला, व्याख्यानाला गेलो नाही. दोन तास बसायला त्रास होत असेल, पण चहा कमरेला दुखत नाही. चहा माणूस दुसऱ्या कारणासाठी सोडतो. आणि तुमचा कोन १३ तारखेला उतरायला लागला. मी ते वाचून उशीच्या वाक्यापाशी थांबले होते. माझ्या हातात सगळं होतं.

हे मी तक्रारीसाठी विचारत नाही. आमोददादांनी तक्रार करावी. झटका मी दिला आणि नको असं लिहिलेलं असताना दिला, यात काही बदल होणार नाही. मला एवढंच कळायला हवं, की मी ज्या पाठीला हात लावला ती तेव्हा कशी होती.

इथे दर रविवारी मी आत्याशेजारी बसते आणि हात मांडीखाली घेते. पाच प्रश्न लिहून मी पडवीतल्या खांबाला लावले. आत्याला वाचता येत नाही. तिने विचारलं, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. म्हणाली, "परक्या बापय माणसाला हे इचारायचं? लाज हाय का न्हाय?" मी म्हटलं, "सरांनाही लाजच वाटली, आत्या." गेल्या रविवारी एक ट्रॅक्टरवाले आले, कमरेत वाकलेले. आत्याने तेल घेतलं, हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "इचार बाई तुझं आधी. म्या तवर त्वांड फिरवून बसते." आणि खरंच पाठ करून बसली. त्यांच्या पाचही उत्तरांत काळजीचं काही नव्हतं. मी दोनदा विचारलं.

अपेक्षा


नारायण पेठ
१६ मार्च २०२५

चि. अपेक्षा,

आशीर्वाद.

पान परत पाठवीत आहे. पाचवे उत्तर शाईने लिहिले आहे. इथेही लिहितो, म्हणजे पान हरवले तरी राहील: सोमवार, १३ जानेवारी, सकाळी. भोगीचा दिवस. तुम्ही हात लावण्याच्या पाच दिवस आधी.

त्या सकाळी मी न्हाणीघरात अर्धा तास उभा होतो. सुहासिनी दार वाजवीत होती की बाजरीची भाकरी गार होते आहे. मला दार ऐकू येत नाही, हादरा कळतो. मी ठरवले की हे वय आहे. दुपारी चटईवर बसलो तर चटई कळेना. तेही वयात घातले. संध्याकाळी चहा सोडला. पाच दिवसांनी मी तुमच्या खाटेवर पालथा झालो तेव्हा हे सर्व मला माहीत होते. तुम्ही विचारले असते तर मी काय सांगितले असते? मी प्रामाणिकपणे विचार केला. पडद्याआड, मोठ्याने विचारले असते तर 'नाही' म्हटले असते. कागदावर विचारले असते तर पेन्सिल टेकवली असती.

२२ तारखेस सुहासिनी माझ्या खांद्यामागून वाचत होती. माझा चष्मा मोडलेला, म्हणून तिनेच पान धरले होते. नऊ दिवस असे लिहिले असते तर नऊ दिवस तिच्यापासून लपवले हे तिला तिथल्या तिथे कळले असते. म्हणून ठिपका. सर्जनना 'दोन दिवस' लिहिले ते त्याच कारणाने. मग आमोद तक्रारीचे बोलू लागला आणि माझ्या लक्षात आले की 'दोन दिवस' हे उत्तर सगळ्यांना फार सोयीचे आहे. सगळे तुमच्यावर चिडलेले होते आणि माझ्याशी गोड वागत होते. मला ते आवडत होते. तुमचे फेब्रुवारीचे पत्र मी उशीखाली ठेवले आणि उत्तर दिले नाही. हा परिच्छेद लिहिताना चार कागद फाडले.

तुमचे मार्चचे पत्र आले त्या संध्याकाळी सुहासिनीला सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "यंत्र लावा." मी लावले. पाऊण तास लावून ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी तिने आमोदला बोलावून मला त्याच्यासमोर पुन्हा सांगायला लावले. आमोद म्हणाला, "बाबा, यू आर इम्पॉसिबल," आणि बराच वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिला. तक्रार त्याने मागे घेतली आहे. श्रीनिवास डॉक्टरांना मी स्वतंत्र पत्र लिहिले, तारखांसह, सोबत कोनांची वही. पुढे काय करायचे ते त्यांनी ठरवावे.

याचा अर्थ तुम्ही सुटलात असा घेऊ नका. तुम्ही घेणारही नाही. जी पाठ आधीच बिघडत होती तिला तुम्ही न विचारता झटका दिलात. त्याने किती भर पडली ते सर्जनना सांगता येत नाही आणि भूमितीत ते काढता येत नाही. तुमचा जो भाग असेल तो तुमच्याजवळ राहील. मात्र दोन महिने तुम्ही माझाही भाग उचलत होतात, तो मी परत घेतो.

आता प्रकृती. काठीने चालतो. डावे पाऊल अजून जमिनीला घासते. बसायच्या जागी डावीकडे निम्मे कळते, निम्मे नाही. म्हणून खुर्चीत बसण्यापूर्वी हाताने चाचपून बघतो. बाकीचे व्यवहार घड्याळ लावून होतात आणि होतात हे महत्त्वाचे. आज सकाळी कोन एक्केचाळीस. पुठ्ठा नवा केला आहे. देवघरातला खिळाही ठोकून झाला.

सर्जन म्हणतात, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्ट घरी यावी. सुहासिनीने दोन नावे आणली. मी तिसरे लिहून दिले. तिने चिठ्ठी वाचली आणि तुमचा घरचा पत्ता मागितला. आपण येऊ नये असे तिने लिहिले होते, ते ती स्वतः मागे घेईल. तिचे पत्र मागाहून येईल किंवा तीच येईल. श्रीनिवास डॉक्टरांची परवानगी मात्र तुम्ही आधी लेखी घ्यावी, आणि त्यांनी लाल शाईने काही लिहिले तर ते मलाही दाखवावे.

प्रश्न प्रत्येक वेळी लिहून आणा, पहिल्या दिवसासारखे छापलेले नकोत. बोलून विचारायचे तर सबंध आळी गॅलरीत येईल. उत्तरे मी सुहासिनीसमोर लिहीन. जागा रिकामी दिसली तर हात लावू नका, परत जा.

शुभेच्छुक,
गोपाळकृष्ण खांबेटे